जिवाणूची ठेव आणि कंपनीची तिजोरी

“ज्या देशात क्षयाच्या साध्या गोळ्या सरकारी केंद्रात वेळेवर मिळत नाहीत, त्या देशात जिवाणूंनी घडविलेल्या नॅनोकणांची चर्चा कशासाठी?” आधुनिक औषधविज्ञानाचा विषय निघाला की पुरोगामी कार्यकर्त्यांच्या बैठकीत हा प्रश्न हमखास विचारला जातो. प्रश्नामागचा संताप खरा आहे. मार्च २०२४ मध्ये क्षयरोगावरील औषधांचा देशभर तुटवडा पडला. तेव्हा केंद्र सरकारने राज्यांना कळविले की औषधे स्थानिक पातळीवर खरेदी करून वेळ निभावून न्यावी. तेही न जमल्यास रुग्णाने स्वतः विकत घेतलेल्या औषधाचे पैसे त्याला परत द्यावेत. आजाराने ज्याची मजुरी बुडाली आहे, त्याने आधी पदरचे पैसे घालावेत आणि मग सरकारी कचेरीचे उंबरठे झिजवावेत, असा या उदारतेचा व्यवहारातला अर्थ होता. २०२५ पर्यंत देश क्षयमुक्त करण्याची घोषणा २०१८ मध्ये ज्या राज्यकर्त्यांनी केली, त्यांच्याच कारकीर्दीतली ही गोष्ट आहे.

परंतु संताप खरा असला म्हणून त्यातून काढलेला निष्कर्ष बरोबर ठरतोच असे नाही. ‘हे श्रीमंतांचे विज्ञान, ते त्यांनाच लखलाभ असो’ असे म्हणून पाठ फिरविणे ही भूमिका दिसायला क्रांतिकारक आणि परिणामाने शरणागतीची आहे. श्रमिकांची चळवळ ज्या क्षेत्राकडे पाठ फिरविते ते क्षेत्र मोकळे राहत नाही. भांडवल तेथे कुंपण घालते. जिवाणूंनी तयार केलेल्या आणि शरीरात विरून जाणाऱ्या बहुवारिकाच्या कणांतून औषध पोचविण्याचे तंत्र हे याचे ठळक उदाहरण होय. या तंत्राचे मूळ शास्त्र शंभर वर्षांचे आहे. त्याचा फार मोठा भाग विद्यापीठांत आणि सार्वजनिक संस्थांत, म्हणजे जनतेच्या पैशावर उभा राहिला. त्याची सर्वाधिक गरज ज्या रोग्यांना आहे त्यांत क्षयाचा गरीब रोगी अग्रभागी आहे. आणि नेमका तोच रोगी त्यापासून सर्वांत दूर आहे. असे का झाले, याचे उत्तर शोधायचे तर प्रयोगशाळेच्या नोंदवह्यांइतकेच मालकीचे दस्तऐवजही वाचावे लागतील.

सुगीची कणगी

१९२६ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील मॉरिस लेमॉन्य या शास्त्रज्ञाने बॅसिलस मेगाटेरियम नावाच्या जिवाणूच्या पेशीत एक नवा पदार्थ ओळखला. त्याचे नाव पॉलिहायड्रॉक्सीब्युटिरेट, संक्षेपाने पीएचबी. पुढे या पदार्थाची अनेक भावंडे सापडली आणि साऱ्या कुटुंबाला पीएचए हे नाव पडले. जिवाणू हा पदार्थ का साठवितो, हे शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. भोवती कर्ब मुबलक असतो, पण वाढीला लागणारे नत्र किंवा स्फुरद कमी पडते. अशा वेळी जिवाणू वाढ थांबवितो आणि जादा कर्बाचे बारीक दाणे करून पोटात ठेवतो. सुगीत शेतकरी कणगी भरतो, तसाच हा प्रकार. पुढे उपासमारीची वेळ आली की हेच दाणे मोडून तो जगतो. काही जातींत कोरड्या वजनाचा ऐंशी टक्क्यांपर्यंत भाग या ठेवीचा असू शकतो. असा एकेक दाणा साधारणतः काहीशे नॅनोमीटरचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा दोनशेवा-तीनशेवा हिस्सा.

वैद्यकाला या दाण्याचे आकर्षण वाटण्याचे कारण त्याच्या शेवटात आहे. पीएचबी शरीरात मोडले की त्यातून हायड्रॉक्सीब्युटिरिक आम्ल निघते, आणि हे आम्ल माणसाच्या रक्तात मुळातच असते. उपाशी माणसाच्या रक्तात ते वाढते. शरीराला ते परके नाही. म्हणून औषध या बहुवारिकात बंदिस्त करून शरीरात सोडले, तर आवरण हळूहळू झिजत जाते, औषध थोडे थोडे बाहेर येते आणि मागे काढून टाकण्यासारखे काही उरत नाही.

हे साधण्याच्या दोन वाटा आहेत. पहिल्या वाटेत जिवाणूंच्या पेशी फोडून बहुवारिक वेगळे काढतात, ते द्रावकात विरघळवून त्यात औषध मिसळतात आणि त्याचे नॅनोकण पाडतात. दुसऱ्या वाटेत जिवाणूने घडविलेला दाणा आहे तसाच घेतात. या दाण्याच्या पृष्ठभागावर काही प्रथिने चिकटलेली असतात. जिवाणूच्या जनुकांत बदल करून त्या प्रथिनांना हवे ते प्रथिन जोडता येते. मग कणही जिवाणूच घडवितो आणि त्याच्यावरचा कामाचा पत्ताही जिवाणूच लिहितो.

क्षयरोग्याला याचे काय?

२०२३ मध्ये जगात क्षयाने आजारी पडलेल्यांपैकी सुमारे २६ टक्के लोक भारतातले होते. साध्या क्षयाचा उपचारही सहा महिने, दररोज चालतो. मजुरीसाठी गाव सोडणारा ऊसतोड कामगार, दुसऱ्याच्या घरात राबणारी मोलकरीण, खाणीतला दगडफोड्या यांनी एकही दिवस न चुकता सहा महिने औषध घ्यावे, अशी अपेक्षा असते. खंड पडला की रोगजंतू औषधाला दाद देईनासे होतात, आणि त्यानंतरचे उपचार अधिक लांबीचे व अधिक विषारी ठरत आले आहेत. मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले या दोन तरुण स्त्रियांनी क्षयाच्या उपचारापायी आपली श्रवणशक्ती गमावली. औषध साऱ्या शरीरभर पसरते, जंतूंबरोबर कानाच्या नाजूक पेशींनाही मारते. रोगी वाचतो आणि बहिरा होतो.

क्षयाचा जंतू राहतो कुठे? शरीराच्या रक्षणासाठी असलेल्या भक्षक पेशींच्याच पोटात. आणि याच भक्षक पेशी रक्तात आलेले नॅनोकण गिळून टाकतात. ज्या घरात चोर लपला आहे त्याच घरात औषध पोचविण्याची ही संधी आहे. ही कल्पना हवेत राहिलेली नाही. चंदीगडच्या स्नातकोत्तर वैद्यकीय संस्थेत गोपाल कृष्ण खुल्लर आणि त्यांचे सहकारी यांनी क्षयावरची नेहमीची औषधे नॅनोकणांत भरून उंदरांना तोंडावाटे दिली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात दर दहा दिवसांनी एक, अशा केवळ पाच मात्रांनंतर उंदरांच्या अवयवांत जंतू आढळले नाहीत. त्या कणांचे बहुवारिक पीएचबी नव्हते. ते लॅक्टिक व ग्लायकोलिक आम्लांपासून कारखान्यात जोडलेले, पण तसेच शरीरात विरणारे होते. म्हणजे तत्त्व तेच. जिवाणूने स्वतः घडविलेल्या दाण्यांचा प्रयोग न्यूझीलंडमध्ये झाला. मॅसी विद्यापीठातील बर्न्ड रेम यांच्या गटाने आणि सहकाऱ्यांनी पीएचएच्या दाण्यांवर क्षयजंतूची प्रथिने बसवून लस तयार केली. तिने उंदरांना क्षयापासून काही संरक्षण दिल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले.

उंदराचे यश हे माणसाचे यश नव्हे, हे खरेच. परंतु उंदरापासून माणसापर्यंतचा रस्ता चालायचा कोणी? माणसांवरील चाचण्यांना वर्षे लागतात आणि पैसा लागतो. तो पैसा खाजगी कंपनी तेव्हाच घालते, जेव्हा रस्त्याच्या शेवटी किंमत मोजणारा ग्राहक उभा असतो. क्षयाचा रोगी ग्राहक नाही. तो सरकारी केंद्राच्या रांगेतला माणूस आहे. चंदीगडच्या प्रयोगाला दोन दशके उलटली. राष्ट्रीय कार्यक्रमातला रोगी मात्र अजूनही रोजच्या गोळ्यांवर आहे.

मालक बदलत गेले

या बहुवारिकाचा औद्योगिक इतिहास खाजगी नफ्याच्या शहाणपणाचा उत्तम नमुना आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनीने त्याचे उत्पादन करून पाहिले आणि सोडून दिले. खनिज तेल स्वस्त होते; जिवाणूला कोण विचारतो? १९७० च्या दशकात तेलाचे भाव भडकले तेव्हा ब्रिटनच्या आयसीआय कंपनीला जिवाणूची आठवण झाली. ‘बायोपोल’ या नावाने तिने माल बाजारात आणला आणि १९९० मध्ये जर्मनीत त्याची बाटली निघाली ती शांपूची. हे बहुवारिक खनिज तेलाच्या प्लॅस्टिकपेक्षा कित्येक पट महाग होते, आणि तेल पुन्हा उतरले होते. मग मालकांची रांग लागली. आयसीआयच्या विभाजनातून निघालेल्या झेनेकाकडे ते गेले; १९९६ मध्ये मोन्सँटोने घेतले; मोन्सँटोचा उत्साह ओसरल्यावर २००१ मध्ये ते मेटाबोलिक्सकडे आले. मेटाबोलिक्सने आर्चर डॅनियल्स मिडलँड या धान्यव्यापारी कंपनीबरोबर आयोवा राज्यात मोठा कारखाना उभारला. २०१२ मध्ये भागीदाराने अंग काढून घेतले. २०१६ मध्ये हे तंत्र दक्षिण कोरियाच्या एका उद्योगसमूहाने विकत घेतले.

प्रत्येक वेळी निर्णयाची कसोटी एकच होती: पिशवी आणि बाटली यांच्या बाजारात हे साध्या प्लॅस्टिकशी किमतीत टक्कर देईल का? औषधाचे वाहन म्हणून त्याचे समाजाला मोल काय, हा प्रश्न या खरेदी-विक्रीत कोणाच्याही अजेंड्यावर नव्हता. वैद्यकीय शाखा निघाली ती वेगळ्या कंपनीच्या रूपाने. याच कुटुंबातल्या एका बहुवारिकाचा, शरीरात विरणाऱ्या शस्त्रक्रियेच्या टाक्याचा धागा २००७ मध्ये अमेरिकेत मान्य झाला. जनुक बदललेले जिवाणू हे बहुवारिक बनवितात. तो धागा उपयुक्त आहे यात शंका नाही. पण त्याने एक गोष्ट सिद्ध केली. जिवाणूचे बहुवारिक माणसाच्या शरीरात ठेवण्याइतके शुद्ध करता येते. मात्र किंमत मोजणारा रोगी असेल तरच ते केले जाते.

आवरणाचे पेटंट

येथे दुसरा धोका सुरू होतो, आणि तो अधिक सूक्ष्म आहे. नॅनोकणात भरलेले औषध बहुधा जुनेच असते. त्याची पेटंटे संपलेली असतात, अनेक कारखाने ते स्वस्तात बनवीत असतात. त्याला नवे आवरण घातले की कंपनीला नवे पेटंट मागण्याची सोय होते. आवरण खरोखर रोग्याच्या हिताचे असेल तर त्याला विरोध असण्याचे कारण नाही. पण आवरणाच्या आडून जुन्या औषधावरची मक्तेदारी पुन्हा वीस वर्षे चालविणे ही आयत्या बिळावरच्या नागोबाची वृत्ती झाली.

भारताच्या संसदेने २००५ मध्ये पेटंट कायद्यात दुरुस्ती केली, तेव्हा डाव्या पक्षांच्या आग्रहामुळे त्यात काही संरक्षक तरतुदी आल्या. कलम ३ (ड) ही त्यांतली सर्वांत महत्त्वाची. ज्ञात पदार्थाचे नवे रूप परिणामकारकतेत लक्षणीय भर घालीत नसेल, तर त्याला पेटंट मिळणार नाही, असे ते कलम सांगते. त्याच्या स्पष्टीकरणात क्षार, स्फटिकरूप इत्यादींबरोबर ‘कणाचा आकार’ हे शब्दही आहेत. केवळ कण बारीक केला म्हणून मालकी मिळत नाही, हे या देशाच्या कायद्यात लिहिलेले आहे! याच कलमाच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी नोव्हार्टिस कंपनीचा रक्तकर्करोगाच्या औषधावरचा दावा फेटाळला. मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने बेडाक्विलिन या क्षयाच्या औषधाच्या क्षारावरचे पेटंट जॉन्सन अँड जॉन्सनला नाकारले. त्या अर्जाला हरकत घेणाऱ्यांत श्रवणशक्ती गमावलेल्या त्याच दोन स्त्रिया होत्या. ज्यांना उपचाराने बहिरे केले, त्यांचा आवाज पेटंट कार्यालयाला ऐकावा लागला. कार्यकर्त्यांनी हे विसरता कामा नये. नॅनोकणांच्या पेटंटांवरची पुढची लढाई याच कलमावर होणार आहे, आणि परदेशांशी होणाऱ्या व्यापार करारांच्या वाटाघाटींत पेटंट कायदा ढिला करण्यासाठी दबाव येत आला आहे.

मक्तेदारीने पुरवठा तरी सुरक्षित होतो काय? डॉक्सिल या कर्करोगाच्या औषधाचा अनुभव पाहावा. जुने औषध मेदाच्या नॅनो-आवरणात भरून ते बनविले होते आणि १९९५ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. त्याचे उत्पादन ओहायोतल्या एका कंत्राटी कारखान्यावर अवलंबून होते. २०११ मध्ये तो कारखाना अडचणीत आला आणि जगातल्या सर्वांत श्रीमंत देशातले रोगी औषधाविना राहिले. शेवटी फेब्रुवारी २०१२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तात्पुरती परवानगी देऊन त्याच प्रकारचे औषध आणविले, ते सन फार्मा या भारतीय कंपनीकडून. ‘असली तंत्रे आपल्या देशाच्या आवाक्यातली नाहीत’ असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे. आवाक्याचा प्रश्न एका खाजगी भारतीय कंपनीने सोडविला. ते कौशल्य कोणासाठी राबवायचे, हा प्रश्न मात्र शिल्लक आहे.

पिंपरीचा धडा

यावर उजव्या बाजूने एक ठरीव आक्षेप येतो: सरकारने औषधे बनवू नयेत, तो सरकारचा प्रांत नाही. हा आक्षेप घेणाऱ्यांनी महाराष्ट्राचा इतिहास वाचलेला नसतो. १९५४ मध्ये पिंपरीला जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक कारखाना उभा राहिला. पेनिसिलिन म्हणजे किण्वन, आणि किण्वन म्हणजे टाक्यांमधली सूक्ष्मजीवांची शेती. पीएचबीसाठी लागणारी विद्या याच घराण्यातली. त्या कारखान्यात केवळ परदेशी कृतीची नक्कल झाली नाही. एम. जे. तिरुमलाचार यांनी तेथे स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना या जिवाणूपासून हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध शोधले. जिवाणूच्या शास्त्रीय नावात पिंपरी आणि औषधाच्या नावात कारखान्याची आद्याक्षरे! सार्वजनिक क्षेत्र संशोधन करू शकत नाही, असे म्हणणाऱ्यांनी ही दोन नावे लक्षात ठेवावीत. १९७५ मध्ये हाथी समितीने औषध उद्योगात सार्वजनिक क्षेत्राला अग्रक्रम देण्याची शिफारस केली, ती याच अनुभवाच्या बळावर.

पुढे काय झाले? आयात खुली झाली, चीनचा स्वस्त माल आला, देशातले पेनिसिलिन-जीचे उत्पादन बंद पडले. पिंपरीच्या कारखान्याला ना नवी यंत्रे मिळाली ना नवे काम. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ठरविले की त्याची अतिरिक्त जमीन विकून देणी भागवावीत आणि मग कारखानाही विकावा. कारखान्याची विद्या कवडीमोलाची आणि जमीन सोन्याची, असा हा हिशेब. नंतर आयातीवरचे अवलंबन घातक आहे असा साक्षात्कार झाला आणि २०२० मध्ये खाजगी कंपन्यांसाठी प्रोत्साहन-अनुदानाची योजना निघाली. तिच्या आधाराने आंध्रातल्या काकीनाड्याला एका खाजगी कंपनीने २०२४ मध्ये पेनिसिलिन-जीचे उत्पादन सुरू केले. म्हणजे सार्वजनिक पैसा पूर्वीही लागत होता आणि आताही लागतो. पूर्वी त्यातून जनतेची मालमत्ता उभी राहत होती. आता खाजगी मालमत्ता उभी राहते. एवढाच या ‘सुधारणां’चा निव्वळ लाभ.

साधने एका जिल्ह्यात

पीएचबीच्या उत्पादनाला काय लागते? साखर किंवा मळी, ऊर्जा, किण्वनाच्या टाक्या, जिवाणूंचे वाण आणि जाणकार माणसे. ब्राझीलने १९९५ मध्ये साओ पावलो राज्यातल्या एका साखर कारखान्याला जोडून यासाठी प्रायोगिक कारखाना काढला. कर्ब उसाच्या साखरेचा, ऊर्जा चिपाडाची, आणि बहुवारिक वेगळे काढण्याचे द्रावकही आसवनीच्या उपपदार्थांतूनच मिळविण्याची योजना, अशी त्याची रचना होती. सुमारे तीन किलो साखरेतून एक किलो बहुवारिक मिळते. शंभर टन बहुवारिकासाठी तीनशे टन साखर लागेल. दिवसाला पाच हजार टन ऊस गाळणारा कारखाना एवढी साखर एका दिवसाच्या आत तयार करतो. पिशव्यांसाठी हे बहुवारिक महाग पडते हे खरे. पण औषधात ते ग्रॅमांनी आणि मिलिग्रॅमांनी मोजले जाते.

१९५० मध्ये प्रवरेकाठी शेतकऱ्यांच्या मालकीचा पहिला साखर कारखाना उभा करणाऱ्या महाराष्ट्राला ब्राझीलकडे पाहून हेवा वाटण्याचे कारण नव्हते. सर्व साधने एकट्या पुणे जिल्ह्यात आहेत. मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे आणि तिच्याजवळ औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. पिंपरीला किण्वनाची परंपरा आणि औषधे बनविणारा सार्वजनिक कारखाना आहे. परंतु यांना एका सूत्रात ओवणारी इच्छाशक्ती नाही. सहकारी साखर कारखानदारांची दृष्टी मळीतून मद्यार्काकडे आणि मद्यार्कातून इथेनॉलकडे वळली; डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने एका आदेशाने उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर निर्बंध घातले, तेव्हा सगळ्यांची धावपळ उडाली. जैवप्लॅस्टिकचा विचार झाला तो खाजगी उद्योगाकडून. जेजुरीला २०२४ मध्ये तसा एक प्रात्यक्षिक कारखाना निघाला. सहकार ज्यांनी आपापल्या घराण्यांच्या सत्तेची शिडी केला, त्यांना मळीतले औषध दिसणार कसे?

अन्न की औषध?

आता मूळच्या प्रश्नाकडे परत यावे. क्षय हा दारिद्र्याचा रोग आहे, त्याला नॅनोकण काय करणार, असे विचारणारा कार्यकर्ता अर्धे सत्य सांगतो. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत क्षयरोग्यांच्या कुटुंबीयांना पोषक शिधा देण्यात आला. एवढ्याने त्या कुटुंबांत फुप्फुसाच्या क्षयाचे नवे रुग्ण जवळजवळ निम्म्याने घटले. रेशनच्या दुकानातली डाळ ही क्षयावरची लसच आहे, हे या चाचणीने दाखवून दिले. अन्न, हवेशीर घर, धुळीपासून मुक्त कारखाना आणि नियमित मिळणारी साधी गोळी यांच्या मागण्या एका पावलानेही मागे घेण्याचे कारण नाही.

पण ज्याला रोग झालेला आहे, त्याला औषध लागतेच. गरिबासाठी अन्नाची मागणी करताना चांगले औषध श्रीमंतासाठी सोडून देणे, ही कसली समता? सहा महिन्यांचे रोजचे ओझे दहा दिवसांतून एकदा घ्यायच्या मात्रेवर आणणे शक्य असेल, तर त्याचा सर्वाधिक लाभ स्थलांतरित मजुरालाच होईल. सुस्थितीतल्या माणसाला गोळीची आठवण करून द्यायला घरात माणसे असतात.

भाबडेपणाही नको. ‘जैवविघटनशील’ हा शब्द उच्चारला की सारे निर्धोक झाले असे मानणारे भक्त या क्षेत्रात पुष्कळ आहेत. पीएचबी बनविणाऱ्या अनेक जिवाणूंच्या पेशीभित्तिकेत असे विष असते की त्याचा अंशही रक्तात गेला तर ताप चढतो. ते समूळ काढून टाकण्याचे काम खर्चिक आहे. बहुवारिक वेगळे करण्यासाठी क्लोरोफॉर्मसारखी द्रावके वापरली, तर त्यांचा उपद्रव कारखान्यातल्या कामगाराला आणि शेजारच्या ओढ्याला होतो. नॅनोकण यकृतात व प्लीहेत साचतात. दीर्घकाळ दिल्यास काय होते हे सावकाश, उघड्या डोळ्यांनी तपासावे लागते. हे सारे दोष खरे आहेत, आणि म्हणूनच या तपासणीचे काम नफ्याची घाई असलेल्यांच्या हाती सोपविणे धोक्याचे आहे. गरीब रोग्यांवर चाचण्या करायच्या, निकाल व्यापारी गुपित म्हणून झाकायचे आणि माल परदेशी विकायचा, हा प्रकार कार्यकर्त्यांनी गावोगाव रोखला पाहिजे.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. पिंपरीचा कारखाना आणि त्याची जमीन यांची विक्री कायमची रद्द करून तेथे वैद्यकीय दर्जाच्या जैव-बहुवारिकांचे सार्वजनिक उत्पादन केंद्र उभारावे. सहकारी साखर कारखान्यांना त्याचा कच्चा माल पुरविणारे भागीदार करावे आणि त्या भागीदारीत ऊस उत्पादकाला व कामगाराला वाटा असावा. क्षयाच्या नॅनो-औषधांच्या माणसांवरील चाचण्या सरकारी खर्चाने, सर्व निकाल खुले ठेवून, स्वतंत्र देखरेखीखाली कराव्यात. २००८ मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने क्षयाच्या औषधांसाठी खुल्या संशोधनाचा जो उपक्रम सुरू केला होता, त्याच्या तत्त्वाचे येथे पुनरुज्जीवन करावे. सार्वजनिक पैशातून निघालेल्या शोधाचे पेटंट कोणा एका कंपनीला मक्त्याने देऊ नये. आणि कलम ३ (ड) मधील ‘कणाचा आकार’ या शब्दांना कोणत्याही व्यापार करारात हात लावू देऊ नये.

या मागण्या तज्ज्ञांच्या परिषदांतून मान्य होणार नाहीत. साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत, क्षयरोग केंद्राबाहेरच्या रांगेत, पिंपरीच्या कामगारवस्तीत त्या बोलल्या गेल्या पाहिजेत. आडात नसेल तर पोहऱ्यात येणार नाही. उत्पादनाची साधने जनतेच्या हाती नसतील तर औषधही तिच्या हाती येणार नाही. जिवाणू आपली ठेव करताना कोणाकडे स्वामित्वशुल्क मागत नाही. त्याच्या ठेवीला कुलूप माणसांनी घातले आहे, आणि ते माणसांनाच काढावे लागेल.